ताट मागं घ्यायला शिकवणारी

नमिताच्या वर्गातल्या खुर्च्या एवढ्याएवढ्याशा आहेत, लाल-निळ्या, प्लास्टिकच्या. पहिल्या दिवशी मी त्यातल्या एकीवर टेकले आणि उठायला गेले, तर खुर्ची माझ्याबरोबरच उठली. माझी नात वैष्णवी तोवर भिंतीकडं तोंड करून बसली होती. ती वळली, माझ्या मागं लटकलेली खुर्ची बघितली आणि खुदकन हसली. नवीन जागेत ती कधी हसत नाही. नमितानं मला सोडवायचं सोडून आधी तिच्याकडं बघितलं.

"हसली! आजी, तुम्ही रोज यायचं बरं का."

"आधी मला मोकळं कर बाई," मी म्हणाले.

तशी आमची ओळख झाली. तेव्हापासून वर्ग असेल त्या दिवशी मी वैष्णवीला घेऊन जाते आणि तिथंच बसून राहते. नमितानं माझ्यासाठी वरच्या मजल्यावरच्या तिच्या घरातली लोखंडी खुर्ची आणून ठेवली आहे. बारकी पोरं तिला आजीखुर्ची म्हणतात आणि मी नसले तरी तिच्यावर कुणाला बसू देत नाहीत.

वैष्णवी नऊ वर्षांची आहे. डॉक्टरांनी तिला ऑटिझम असल्याचं सांगितलं. मी चौथीपर्यंतच शिकलेली, तो शब्द माझ्या जिभेवर बसेना, म्हणून कुणी विचारलं की मी हळूच सांगायची, "तिचं जरा तसं आहे." नमितानं ते ऐकलं आणि म्हणाली, "तसं म्हणा, चालेल. फक्त कुजबुजून म्हणू नका. तिला ऐकू येतं."

आमची पोर बोलते, पण मोजकं, आणि तिच्या मनात असेल तेव्हा. मिक्सर लावला की कान झाकते. पिवळा फ्रॉक धुवायला टाकला तर दोरीखाली बसून तो वाळायची वाट बघते. हाताला, तोंडाला चिकट काही लागलेलं तिला अजिबात सोसत नाही. आणि फारच झालं की स्वतःचं डावं मनगट चावते. तिथली कातडी जाड झाली होती. गोणी वाहणाऱ्याच्या खांद्यावर होते तशी. मला माहीत आहे, कारण आमचे हे, जोतीराम, साताऱ्याहून येऊन वाशीच्या मार्केटात जन्मभर कांद्याच्या गोणी वाहत होते. आता घरी बसून टीव्हीतल्या बातम्यांशी भांडतात. मुलगा शिवतेज खारघरला नोकरीला, सून उज्वला बेलापूरला सरकारी कचेरीत. म्हणून पोरीची ने-आण माझ्याकडं आली.

वर्ग आहे जुईनगर स्टेशनच्या पलीकडं, जुन्या गावात, गोटीराम म्हात्र्यांच्या इमारतीत तळमजल्याला. गोटीरामशेठ म्हणजे नमिताचे वडील. शहर वसलं त्याच्या आधी त्यांची इथं भातशेती होती आणि मिठागरात कामाला जायचे. जमीन गेली, तिच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर इमारत उभी राहिली. खालच्या खोलीत त्यांना मोबाइलचं दुकान आणायचं होतं. पोरगी म्हणाली, मला वर्ग काढायचाय. शेठ म्हणाले, लग्नाचं बघ. ती म्हणाली, खोलीचं आधी बघू. असं करता करता खोली तिची झाली. लग्नाचं अजून बघणं चाललंय, आणि जो येतो त्याला ती आधी वर्गात एक तास बसवते. बहुतेकांना अर्ध्या तासात कुठलं तरी काम आठवतं.

नमिता दिसायला उंच, शिडशिडीत. ओढणीची मागं गाठ, कानात काही नाही, कारण पोरं ओढतात. आवाज खालचा. आईबापांशी फोनवर इंग्रजी, वर्गात मुंबईचं मराठी, आणि जिना चढून वर गेली की आगरी. एवढ्या तीन भाषा बोलणारी बाई शिकवते काय, तर चारचौघांत कसं राहायचं ते. मला आधी गंमत वाटली. म्हटलं, हे काय शिकवायचं असतं? आमच्या पोरांना कुणी शिकवलं?

मग बघत गेले. चेंडू टाकायचा आणि थांबायचं, दुसऱ्याची पाळी असते. दुकान मांडायचं, प्लास्टिकची वांगी विकायची, गिऱ्हाईकानं "केवढ्याला" म्हटलं की उत्तर द्यायचं. नमस्कार नको असेल तर हात हलवायचा, तोही नको असेल तर मान. "माझ्या डोळ्यांत बघ" असं ती कुणालाच म्हणत नाही. म्हणते, "कानानं ऐकतोय ना? बास."

मितेश म्हणून एक मुलगा आहे, अकरा-बारा वर्षांचा. त्याला जगात लिफ्टच्या पलीकडं काही दिसत नाही. भेटेल त्याला एकच विचारायचा, "तुमची लिफ्ट कुठल्या कंपनीची?" नमितानं त्याला शिकवलं, आधी माणसाचं विचार, मग लिफ्टचं. तर एके दिवशी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"कशा आहात आजी?"

मला इतकं बरं वाटलं! मी माझ्या गुडघ्याचं सांगायला लागले. डावा कसा दुखतो, उजवा कसा वाजतो. मितेशनं थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, "ते पुरे. लिफ्ट?"

नमिता हसून हसून खाली बसली. मग मला म्हणाली, "आजी, त्याचं चुकलं नाही हां. तुम्हीपण जास्त सांगितलंत."

ही बाई या कामात कशी आली ते मला तिच्या आईनं सांगितलं. पुतळाबाई तिचं नाव. दुपारची ती खाली पायरीवर येऊन बसते, मीही बसते. तिचा धाकटा दीर होता, गंगाराम.

"त्याला बोलता येत नव्हता गो बाय," पुतळाबाई म्हणाली. "पन मिठागरान त्याच्यासारखा कामाला कोन नव्हता. मिठाच्या राशी लावल त्या अशा, जशा काय देवलाचे कलस. सगल्या गावाला ठावं, गंगारामला मागशी हात लावाचा नाय. समोरशी जायाचा, थांबाचा, त्यानं बघितला का मंग बोलाचा. बारक्या पोरांना पन ठावं."

मग मिठागरं संपली, सोसायट्या उठल्या, नवी माणसं राहायला आली. गंगाराम आपल्या सवयीनं जुन्या बांधाच्या वाटेनं चालत गेला, तर त्या वाटेवर आता फाटक होतं. वॉचमननं मागून दंड धरला. हा किंचाळला. माणसं जमली, हात उगारले गेले. नमिता तेव्हा कॉलेजात होती. ती धावत गेली आणि काकाला घेऊन आली. तेव्हापासून तो उंबऱ्याबाहेर पडला नाही. ओटीवर बसून असायचा. तिथंच गेला.

मी नमिताला एकदा त्याच्याबद्दल विचारलं. ती प्लास्टिकची वांगी टोपलीत भरत होती. म्हणाली, "काकाला कुणी काही शिकवलं नव्हतं आजी. गाव शिकलं होतं. नव्या लोकांना कुणी सांगितलंच नाही, तर त्यांना तरी काय कळणार?" आणि मितेशला हाक मारून म्हणाली, "एक वांगं कमी आहे. खिशात बघ."

आता वैष्णवीच्या 'नको'चं सांगते.

मनगट चावणं थांबवायचं तर नमिता म्हणाली, हात बांधून उपयोग नाही. ती चावून काहीतरी सांगतेय. ते सांगायला तिला दुसरं साधन दिलं पाहिजे. मग तिनं एका ताटलीत ओला गूळ घेतला आणि वैष्णवीपासून जरा लांब धरला. पोरीचा हात तोंडाकडं निघाला की नमिता तिच्या वतीनं म्हणायची, "नको," आणि ताटली मागं. असं किती वेळा केलं असेल! पुढं वैष्णवी हातानं ढकलायला लागली. ढकललं की ताटली मागं. मग नमितानं दिलेलं, आडवा हात काढलेलं चित्र दाखवायला लागली. चित्र दिसलं की ताटली मागं. मग नुसतं "न" आलं. आणि दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी आख्खा शब्द आला. "नको." ताटली अशी काही मागं गेली की नमिताच्या स्वतःच्या ओढणीला गूळ लागला.

या सगळ्यात मोठी अडचण होती ती मी.

घरी पोरगी भाताला नको म्हणाली की माझ्या तोंडून निघायचंच, "अगं एक घास, चिऊचा."

नमिता म्हणाली, "आजी, तुमचा तो एक घास माझं महिन्याचं काम खातो."

"मग काय करू?"

"ताट मागं घ्या."

"मागं म्हणजे किती मागं?"

"तिला दिसणार नाही इतकं."

"आणि परत पुढं कधी करायचं?"

"करायचंच नाही. भूक लागली की ती मागेल. मागायलापण शिकवतेय ना मी. 'पाहिजे'चं चित्र आहे तिच्याकडं."

सांगायला सोपं आहे. आमच्याकडं पहिलं नको म्हणजे नुसती सुरुवात असते. दुसरं नको रीत म्हणून. तिसऱ्यांदा म्हटलं की वाढणारी जरा थांबते आणि म्हणते, बरं अर्धी तरी घ्या. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी शिकवलं होतं, दुसऱ्याच्या घरी पानावर हात आडवा धरायचा, पण बोटं जरा फाकवून धरायची, म्हणजे वाढणारीला वाढता येतं. असे आम्ही लोक. आमच्यात राहून एका पोरीनं नको म्हणायला शिकायचं!

पण शिकली. मनगट हळूहळू मऊ पडायला लागलं. उज्वला रात्री त्यावर खोबरेल लावायची आणि काही बोलायची नाही, न जाणो दृष्ट लागेल म्हणून.

मग संक्रांत आली.

आमच्या समोरच्या फ्लॅटात सखूबाई राहते. आमच्या साताऱ्याकडचीच, माझी जुनी मैत्रीण, मला प्रेमला म्हणून नावानं हाक मारणारी. वैष्णवीवर तिचा भारी जीव. दरवर्षी तिच्याकडं हळदीकुंकू असतं, सगळी सोसायटी लोटते. मी वैष्णवीला घेऊन गेले. पिवळा फ्रॉक, केसांना तेल, सगळं तिच्या मनासारखं. गर्दी होती तरी ती दाराजवळच्या स्टुलावर नीट बसली होती. माझ्या कपाळावर एक बाई कुंकू लावत होती, दुसरी हाताला अत्तर, आणि ओटीत वाण म्हणून गाळणं येऊन पडलं होतं. एवढ्यात सखूबाईनं वैष्णवीपुढं तिळगुळाचा लाडू धरला. यंदा तिचा पाक कच्चा राहिला होता. लाडू बोटाला तार धरत होता.

वैष्णवीनं लाडवाकडं बघितलं आणि म्हणाली, "नको."

काय सांगू तुम्हाला! नमिता नाही, चित्र नाही, मी नाही. एवढ्या बायकांत, स्वतःहून, स्वच्छ. 

आणि सखूबाई म्हणाली, "अगं बया! संक्रांतीचं नको म्हणतात होय? गोड बोलावं माझ्या बाईनं!" आणि हनुवटी धरून, अगदी मायेनं, लाडू तिच्या तोंडात घातला. बायका कौतुकानं हसल्या.

मी कुंकवाचा करंडा ओलांडून पोचेपर्यंत वैष्णवी जमिनीवर होती. लाडू फ्रॉकवर, मनगट तोंडात. सखूबाई तिच्याकडं हात करायची आणि मागं घ्यायची. "मी काय केलं गं प्रेमला? लाडूच दिला ना मी?" तिचे डोळे भरले होते. तिला काय बोलणार? तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

गोड बोल म्हणता म्हणता पोरीचा होता तो एक शब्द आम्ही तिच्या तोंडात परत कोंबला.

त्यानंतर नको गेलं. घरी नाही, वर्गात नाही. नमितानं गुळाची ताटली धरली तर पोरगी ताटलीकडं बघायचीसुद्धा नाही, थेट मनगट. मऊ पडलेली कातडी पुन्हा फुटली. उज्वलानं एका मोज्याचा पंजा कापून त्याची पट्टी तिच्या मनगटावर चढवली. मोजा दातांनी ओला व्हायचा, ती दुसरा चढवायची. एकदा पलंगाच्या कडेला बसून मला म्हणाली, "आई, हा एक शब्द यायला किती दिवस लागले होते हो. आता परत येईल का?" मी मोजे वाळत घातले.

मी नमिताला विचारलं, "विसरली का गं ती?"

"विसरली नाही. टाकून दिला शब्द," नमिता म्हणाली. "बटण दाबलं आणि लिफ्ट आलीच नाही, तर पुढच्या वेळी माणूस जिन्यानंच जाणार ना?"

"कुठल्या कंपनीची?" मागून मितेश.

"मग आता पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं?" मी विचारलं.

नमितानं मान हलवली. "वैष्णवीला आता काही शिकवायचं नाही. तिचं शिकून झालंय. बायकांना बोलवा."

"कुठल्या बायकांना?"

"त्या दिवशी हसल्या त्या. रथसप्तमीला आमच्याकडं आईचं हळदीकुंकू आहे. त्याच्या आधी मला त्या सगळ्या वर्गात पाहिजेत. सखूबाई तर पाहिजेतच."

सखूबाई येईना. तोंड दाखवायची लाज वाटते म्हणाली. मी तिला सांगितलं, "तू आली नाहीस तर तुझं वाणाचं गाळणं तुला परत." वाण कुणी परत करतं का? घाबरून आली.

शनिवारी दुपारी सात-आठ बायका त्या चिमुकल्या खुर्च्यांवर बसल्या. मी आजीखुर्चीत. नमितानं दोघींना समोरासमोर उभं केलं. एकीच्या हातात चिवड्याची बशी. खेळ सोपा होता: पहिलीनं बशी पुढं करायची, दुसरीनं नको म्हणायचं, पहिलीनं बशी मागं घ्यायची. आणि पुढं एक शब्द बोलायचा नाही.

पहिलीच बाई म्हणाली, "घ्या ना."

"नको."

"अहो घ्या हो, घरचा आहे."

"आउट," नमिता म्हणाली. "पुढची."

पुढचीनं बशी मागं घेतली, पण तोंडानं, "राग आला का?" आउट. तिसरीनं बशी मागं घेतली, शब्द बोलली नाही, पण असा काही चेहरा केला की समोरचीनं आपणहून चिवडा उचलला. नमिता म्हणाली, "हे तर सगळ्यात वाईट!"

सखूबाईची पाळी आली. तिनं बशी धरली, समोरून नको आलं, आणि बशी तिथंच. पुढं नाही, मागं नाही.

"मागं घ्या मावशी."

"अगं पण ती मनापासून नको म्हणतीय का तोंडदेखलं, ते कसं कळायचं?"

"कळून घ्यायचं नाही. मागं घ्यायचं."

"आणि माणूस उपाशी गेलं तर?"

"जाऊ दे."

दारात पुतळाबाई उभी होती, तिच्यानं राहवेना. "काय बोलतंस गो नमिता? माज्या घराशी कोन उपाशी गेला त मी तोंड कसा दाखवू? जाऊ दे म्हनं!"

"आये, तूपन बस खुर्चीवर."

"मी नाय बसत त्या खुर्चीवर. ती प्रेमलाबाय बसली व्हती तवा काय झाला ता मी ऐकलाय."

सगळ्या हसल्या, तरी नमितानं आईला उभी केलीच. पुतळाबाईला काही जमलं नाही. ती बशी मागं घ्यायची आणि दुसऱ्या हातानं मूठभर चिवडा समोरचीच्या पदरात टाकायची. दुपारभर असंच चाललं. चिवडा संपला, मग रिकाम्या बशीनं सराव केला, तर रिकाम्या बशीचासुद्धा आग्रह! शेवटी शेवटी मात्र बशा जागेवर परत जायला लागल्या. सखूबाई घरी जाताना लिफ्टमध्ये मला म्हणाली, "प्रेमला, हे लई अवघड आहे गं. हातच मागं येत नाही."

रथसप्तमीला आम्ही सगळ्या गेलो. वर म्हात्र्यांच्या हॉलात सतरंजी अंथरली होती. उज्वलानं रजा घेतली होती. वैष्णवी पिवळ्या फ्रॉकात, मनगटावर मोज्याची पट्टी, खिडकीजवळ भिंतीला पाठ लावून बसली. नमिता समोर बसली, स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. म्हणाली, मी मध्ये पडणार नाही.

सखूबाई उठली. तिच्या ताटलीत तिळगुळाचे लाडू होते, तसलेच. कोरडी वडी कर, असं मी तिला सांगितलं होतं. नमिता म्हणाली होती, नाही, तेच पाहिजे. सखूबाई समोरून गेली. हातभर अंतरावर थांबली. वैष्णवीनं ताटलीकडं बघेपर्यंत उभी राहिली. मला पुतळाबाईच्या गंगारामाची आठवण झाली.

"तिळगूळ," सखूबाई म्हणाली. पुढचं 'गोड बोला' तिनं गिळून टाकलं.

वैष्णवीनं बघितलं. डावा हात वर निघाला. मोज्याची पट्टी ओठाला लागली. उज्वलानं माझा दंड इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. सखूबाई जागची हलली नाही, 'घे' म्हणाली नाही.

वैष्णवी ताटलीला म्हणाली, "नको." अगदी हळू. भिंतीजवळच्या बाईला ऐकू गेलं नसेल.

सखूबाईनं ताटली एवढ्या झटक्यानं पाठीमागं नेली की सगळे लाडू सतरंजीवर घरंगळले. एक थेट गोटीरामशेठच्या चपलेत गेला. वैष्णवीनं तो गेला तिकडं बघितलं, आणि खुर्ची माझ्याबरोबर उठली होती त्या दिवशीसारखी खुदकन हसली. हात तोंडापासून खाली आला.

मग ती उठली. शेजारच्या बाईसमोर गेली. त्या बाईच्या हातात चण्यांची वाटी होती, ती स्वतःच खात होती बिचारी.

"नको," वैष्णवी म्हणाली.

वाटी पाठीमागं.

पुढची बाई. "नको." हलव्याची डबी मागं. पुढची. "नको." अत्तरदाणी मागं. एकीच्या हातात नुसता रुमाल होता, तोही गेला. बटण दाबून बघत होती पोरगी, लिफ्ट येते का, परत येते का. दर वेळी येत होती. उज्वला हसत होती आणि पदरानं नाक पुसत होती. नमितानं मांड्यांखालचे हात अजून काढले नव्हते.

शेवटी पुतळाबाई. तिच्या हातात तिळाच्या पोळ्यांची परात, वर तूप. सकाळपासून चुलीपाशी उभी होती ती. वैष्णवी परातीपुढं उभी राहिली.

"नको."

पुतळाबाईच्या तोंडावर काय काय येऊन गेलं! "इतकुसा..." तिच्या तोंडून निघालं.

"आये," नमिता म्हणाली.

पुतळाबाईनं डोळे मिटले आणि परात मागं घेतली. वैष्णवी आपल्या जागेवर जाऊन बसली आणि मनगटावरची पट्टी काढून उज्वलाच्या मांडीवर ठेवली. पुढं ती पट्टी अधूनमधून लागली, नाही असं नाही. पण शब्द परत गेला नाही.

माझं मात्र त्या दिवशी वेगळंच झालं. पुतळाबाई तीच परात घेऊन माझ्याकडं आली. पोळ्यांचा वास मघापासून माझ्या नाकात होता. पण दुसऱ्याचं घर. मी पानावर हात आडवा धरला, बोटं नीट फाकवली आणि म्हणाले, "नको हो, पुरे झालं."

परात मागं गेली.

गेली ती गेलीच. पुतळाबाई पुढच्या बाईकडं वळली. मी बघतच राहिले. सत्तर वर्षांच्या आयुष्यात माझ्या नकोचं एवढं ऐकणारं कुणी भेटलं नव्हतं. सखूबाई पदर तोंडात धरून हसत होती.

"काय झालं आजी?" नमितानं विचारलं. तिनं सगळं बघितलं होतं.

"काही नाही."

"बोटं फाकवलेली मी बघितली हां. इथं ते चालत नाही. काय ते बोला."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. वैष्णवीसुद्धा. परक्याच्या घरात खाण्याच्या वस्तूला तो शब्द मी जन्मात लावला नव्हता. कानशिलं तापली माझी.

"पाहिजे," मी म्हणाले.

पुतळाबाई धावतच आली. एक नाही, दोन वाढल्या, वर तुपाची धार. दुसरी मला खरंच नको होती. मी तसं सांगितलं. तिनं ती निमूट परत उचलली, आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जसं काही मीच तिच्या घरून उपाशी चालले होते.